‘ॲव्हरेज किती देते?’

(दहावी १९९७ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि एक अट घातली आहे. तुझ्या कामाबद्दल बोल, पण आम्हाला कळेल असं बोल. अट रास्त आहे. गेली वीसेक वर्षं मी गाडीचं इंजिन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरसाठी प्रोग्राम लिहिते, आणि हल्ली जास्त करून दुसऱ्यांनी लिहिलेले तपासते. लग्नात, हळदीकुंकवाला, सोसायटीच्या मीटिंगला, कुठेही हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग कुठली गाडी घेऊ? ॲव्हरेज किती देते?" आपल्या बॅचच्या ग्रुपवर तर हा प्रश्न मला इतक्यांदा आलाय की आज एकदाच सगळ्यांना उत्तर देऊन टाकते. फक्त थोडं लांबून यावं लागेल.

आपल्या शाळेच्या वेळचं रबाळं आठवा. ठाणे-वाशी रेल्वे आली २००४ साली. त्याआधी ठाण्याला जायचं म्हणजे बस नाहीतर रिक्षा. रात्री वारा फिरला की एमआयडीसीतल्या कुठल्यातरी केमिकल कंपनीचा वास घरात यायचा आणि घरातली मोठी माणसं खिडक्या लावून घ्यायची. पण ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या गाड्यांचा धूर कुणी हिशेबात धरत नसे. रिक्षा आणि स्कूटर टू-स्ट्रोक होत्या, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून भरायचे, आणि मागून निळा धूर निघायचा. त्या इंजिनाची रचनाच अशी, की जळालेला वायू बाहेर ढकलायला आत येणारं ताजं मिश्रणच वापरायचं. त्यातलं काही तसंच, न जळता, सायलेन्सरमधून निघून जायचं. वाईट इंजिनात पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त. म्हणजे पंपावर पैसे मोजून घेतलेलं पेट्रोल आपण थेट हवेत सोडत होतो आणि शाळेत चालत येताना परत श्वासात घेत होतो. शिवाय त्या वेळी बहुतेक पेट्रोलमध्ये शिसं असायचं. देशभरातून शिशाचं पेट्रोल बंद झालं २००० साली, तोवर आपली बारावीही होऊन गेली होती.

आता विज्ञानाचा एक छोटा तास. बाई समोर बसल्या आहेत, चुकलं तर थांबवा. ज्वलनाच्या धड्याला बाईंनी पेटत्या मेणबत्तीवर काचेचा ग्लास उपडा ठेवला होता. हवा संपली, ज्योत विझली. इंजिनातही तेच गणित आहे. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जाळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. हवा कमी पडली तर पेट्रोल अर्धवट जळतं, ॲव्हरेज जातं आणि कार्बन मोनॉक्साइड निघतो. हवा जास्त झाली तर नायट्रोजनची ऑक्साइडं वाढतात. जुना कार्ब्युरेटर हे प्रमाण एका सुईने आणि एका स्क्रूने सांभाळायचा. मेकॅनिक कानाने आवाज ऐकून स्क्रू फिरवायचा. त्यातले काही खरंच कलावंत होते. पण थंड सकाळी आणि भर दुपारी, घाटात आणि सपाटीवर एकच स्क्रू कसा पुरणार?

नव्या गाडीत ते काम कॉम्प्युटर करतो. त्याला आम्ही ईसीयू म्हणतो. किती हवा आत आली, इंजिन किती तापलंय, पाय पॅडलवर किती दाबलाय, हे तो सेकंदाला अनेक वेळा वाचतो आणि प्रत्येक वेळी किती पेट्रोल फवारायचं ते ठरवतो. सायलेन्सरच्या वाटेवर एक ऑक्सिजन सेन्सर असतो. तो जळून गेलेल्या वायूत किती प्राणवायू उरलाय ते सांगतो, म्हणजे झालेल्या कामाची लगेच तपासणी. त्याच्या पुढे-मागेच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. तो विषारी वायूंचं रूपांतर करतो, पण त्याचा एक हट्ट आहे: ते १४.७ चं प्रमाण अगदी बारीक पट्ट्यात राहिलं पाहिजे. थोडं इकडेतिकडे झालं की तो काम सोडून देतो. एवढी बारीक पट्टी माणसाच्या हाताने किंवा सुईने धरता येत नाही. म्हणून म्हणते, गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या रस्त्यावरचा धूर जो कमी झाला त्यात लोखंडाइतकाच वाटा प्रोग्रामचा आहे. इंधनाचाही आहे. बीएस-४ च्या इंधनात दहा लाख भागांत ५० भाग गंधक चालायचं, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं तेव्हा ते १० वर आणावं लागलं. गंधकाने कन्व्हर्टर निकामी होतो. बीएस-५ ची पायरी आपल्या देशाने गाळलीच, थेट उडी मारली. त्या काळात पुण्यातल्या आणि चाकणच्या आमच्या लोकांच्या घरी काय चाललं होतं ते त्यांच्या बायका-नवऱ्यांना विचारा.

इथपर्यंत सगळं छान आहे. आता अडचणीची गोष्ट.

पेट्रोलमध्ये कमी प्रदूषण आणि चांगलं ॲव्हरेज बऱ्यापैकी हातात हात घालून चालतात. डिझेलमध्ये त्यांचं भांडण आहे. डिझेल खूप हवेत, खूप तापमानाला जाळलं की ॲव्हरेज झकास मिळतं, पण त्याच उष्णतेत हवेतला नायट्रोजन आणि प्राणवायू एकत्र येतात. हे नायट्रोजन ऑक्साइड दिसत नाहीत, धूर नसतो, पण ते श्वासनलिकेला झोंबतात आणि उन्हात त्यांच्यापासून ओझोन तयार होतो. ते कमी करायला जळालेला वायू थोडा परत इंजिनात फिरवतात. मग तापमान उतरतं, पण काजळी वाढते. काजळी पकडायला फिल्टर लावतात. तो फिल्टर भरला की साफ करायला जास्तीचं डिझेल जाळावं लागतं, म्हणजे ॲव्हरेज पुन्हा खाली. यातलं किती घ्यायचं, किती सोडायचं, हे कोण ठरवतं? प्रोग्राममधली आकड्यांची कोष्टकं. ती आमच्यासारखे लोक भरतात.

आणि तिथे खोटेपणा करायला फार अक्कल लागत नाही. २०१५ च्या सप्टेंबरात फोक्सवॅगनचं प्रकरण बाहेर आलं ते तुम्ही पेपरात वाचलं असेल. प्रोग्राम ओळखायचा की गाडी आत्ता प्रयोगशाळेत रोलरवर आहे. चाकं फिरताहेत पण स्टिअरिंग वळत नाही, वेग ठरलेल्या आलेखाप्रमाणेच चढतो-उतरतो, म्हणजे परीक्षा चालू आहे. मग सगळ्या शुद्धीकरणाच्या यंत्रणा पूर्ण ताकदीने चालू. रस्त्यावर आली की ढिल्या. अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या जगभर होत्या. ते पकडलं कुणी, तर अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या एका लहानशा गटाने. त्यांनी मोजणीचं यंत्र डिकीत ठेवलं आणि गाडी सरळ रस्त्यावर चालवली. जेट्टाचे नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या १५ ते ३५ पट आले. त्या गटात अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा हे आपल्या देशातून शिकायला गेलेले दोघं होते. मला ही गोष्ट फार आवडते. त्यांना कुणालाही पकडायचं नव्हतं. उलट, डिझेल गाड्या स्वच्छ असतात हे दाखवायला मिळेल असं त्यांना वाटत होतं. आकडे जुळेनात तेव्हा त्यांनी आधी स्वतःच्याच यंत्रावर शंका घेतली.

याचा आपल्याशी काय संबंध? कंपनीचा कारखाना चाकणला आहे आणि भारतात तपासणी केली ती पुण्याच्या एआरएआय संस्थेने. १९६६ सालची ही संस्था. देशातल्या कितीतरी गाड्यांना पास-नापास करण्याचं काम तिथे चालतं. त्यांच्या रस्त्यावरच्या चाचणीतही इथल्या गाड्यांचं उत्सर्जन बीएस-४ च्या मर्यादेच्या १.१ ते २.६ पट निघालं. त्या डिसेंबरात कंपनीने भारतात सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलावल्या. परत बोलावून करायचं काय होतं? मुख्यतः नवा प्रोग्राम भरायचा. त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात, जिथे एरवी चहाच्या वेळी क्रिकेटशिवाय विषय नसायचा, सगळे गप्प होते. कारण तो कोड लिहिणारे आमच्यासारखेच होते. कुणीतरी तो लिहिला, कुणीतरी तपासला, कुणीतरी सही केली. तपासणारी म्हणून मी त्या दिवसापासून एक प्रश्न जास्त विचारते, ही अट इथे का आहे? "टेस्टसाठी" एवढंच उत्तर आलं तर सही होत नाही.

त्या प्रकरणानंतर एक बदल चांगला झाला. १ एप्रिल २०२३ पासून आपल्याकडेही गाडीचं उत्सर्जन खऱ्या रस्त्यावर, डिकीत यंत्र लावून मोजावं लागतं आणि मर्यादेत बसवावं लागतं. प्रयोगशाळेतली परीक्षा आहेच, शिवाय ही.

आता तुमच्या ॲव्हरेजकडे येते. माहितीपत्रकावरचा आकडा कुठून येतो? प्रयोगशाळेतल्या रोलरवरून. त्या परीक्षेच्या ठरलेल्या आलेखाचं नाव मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल. आद्याक्षरं जुळवून बघा, एमआयडीसी! मी पहिल्यांदा पुण्यात हे ऐकलं तेव्हा वाटलं, ही मंडळी माझ्या रबाळ्याबद्दल का बोलताहेत. पण ती एमआयडीसी आणि आपली एमआयडीसी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिथे गाडी ११८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटांना थोडी कमी, चालते. कमाल वेग ताशी ९०. एसी बंद. खड्डा नाही, आडवी आलेली हातगाडी नाही, कंटेनर वळवताना मागे खोळंबलेली रांग नाही. संध्याकाळी सहा वाजता कंपन्या सुटल्यावर रबाळे स्टेशनकडे जाणारा रस्ता त्या आलेखात कुठेच नाही. गाडी नुसती उभी असताना छोट्या कारचं इंजिनसुद्धा तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पितं, एसी चालू असेल तर वरच्या टोकाला. त्यामुळे पत्रकावर २० आणि हातात १३ आले तर शोरूमवाल्याशी भांडू नका. तो आकडा दोन गाड्यांची आपापसांत तुलना करायला आहे, घरखर्च मांडायला नाही. घरखर्चासाठी एकच खरी पद्धत: टाकी काठोकाठ भरा, किलोमीटर लिहा, पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरा, भागाकार करा. असं चार वेळा. आपल्या गणिताच्या सरांनी शिकवलेली सरासरी इथे कामी येते.

आणि पत्रकावरच्या त्या आकड्याला सरकारही धरून असतं. १ लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, त्यात कुणाची हुशारी चालत नाही. म्हणून कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या कारची मिळून सरासरी मोजतात. पहिल्या टप्प्यात ती किलोमीटरला १३० ग्रॅमच्या आसपास हवी होती, २०२२-२३ पासून ११३ च्या आसपास. तुमच्या भाषेत लिटरला जवळपास २० किलोमीटर. मोठ्या एसयूव्ही विकणाऱ्या कंपन्या सीएनजी आणि इलेक्ट्रिकच्या मागे का लागल्या, त्यातलं एक कारण हे आहे.

इलेक्ट्रिकबद्दल प्रश्नोत्तरांत विचारणारच आहात, म्हणून आत्ताच सांगते. "पण वीज तर कोळशाचीच ना?" हो, आपल्याकडे जास्त करून कोळशाचीच. देशाच्या ग्रिडमध्ये एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. छोटी इलेक्ट्रिक कार शहरात युनिटला सातेक किलोमीटर चालते, म्हणजे किलोमीटरला शंभर ग्रॅम. लिटरला १५ देणारी पेट्रोलची कार दीडशे. फरक आहे, पण जाहिरातीत दाखवतात तसा शून्य नाही. मात्र रबाळ्यातल्या माणसासाठी दुसरा हिशेब मोठा आहे. तो धूर चंद्रपूरला निघतो, इथे पारसिकच्या डोंगराखाली साचत नाही. चंद्रपूरच्या लोकांना हे उत्तर आवडणार नाही आणि त्यांचं बरोबर आहे.

इथेनॉलचंही थोडक्यात. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे २० टक्के मिसळलं की नुसत्या गणिताने सहा-सात टक्के ऊर्जा कमी होते. त्यासाठी बनवलेलं इंजिन त्यातलं काही भरून काढतं, कारण इथेनॉलचा ऑक्टेन जास्त. जुन्या कार्ब्युरेटरच्या मोटरसायकलला मात्र मिश्रण बदललेलं कळतच नाही. तिचा स्क्रू आहे तिथेच राहतो.

आता एक खरी गोष्ट सांगते, ज्याच्यासाठी आज बोलायला तयार झाले. आपल्यातला एक जण, तो तिसऱ्या रांगेत बसलाय, नाव घेत नाही, एमआयडीसीत मालाची ने-आण करतो. रबाळे ते महापे, महापे ते घणसोली, दिवसाला दहा-बारा फेऱ्या, एकेक चार-पाच किलोमीटरची. बीएस-६ डिझेल पिकअप, कर्जावर घेतलेली. वर्षभरात डॅशबोर्डवर फिल्टरचा दिवा लागायला लागला, मग इंजिनाची ताकद आपोआप कमी व्हायची. तो मला फोनवर म्हणाला, "तुम्ही लोकांनी ही गाडी पुण्यात बसून बनवली, रबाळ्यात एक दिवस तरी चालवून बघितली का?"

त्याचं म्हणणं मला नाकारता आलं नाही. काजळीचा तो फिल्टर स्वतःला साफ करतो, पण त्यासाठी त्याला साडेपाचशे-सहाशे अंश तापमान लागतं. ते यायला गाडी पंधरा-वीस मिनिटं एकसारख्या वेगात पळायला हवी. याची फेरी त्याआधीच संपते. साफसफाई अर्धवट, वर जास्तीचं डिझेल जळतं, थोडं ऑइलमध्ये उतरतं, काजळी तशीच. दहा फेऱ्यांनंतर दिवा. प्रोग्राम हे सगळं बघत असतो. फिल्टर किती टक्के भरलाय हा अंदाज त्याच्याकडे असतो. पण बऱ्याच गाड्यांत चालकाला फक्त एक पिवळा दिवा दिसतो, तोही उशिरा. हा आकडा चालकाला समोर दिसला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि मी ते कामाच्या ठिकाणी बोलत असते. टाकीत किती डिझेल आहे ते दाखवतो, तर फिल्टरमध्ये किती काजळी आहे ते का नाही?

दरम्यान एका गॅरेजवाल्याने त्याला उपाय सांगितला होता. फिल्टर आतून पोकळ करून टाकायचा, वायू परत फिरवणारा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि लॅपटॉप लावून प्रोग्राम बदलायचा, म्हणजे दिवाच लागणार नाही. वर ॲव्हरेज वाढेल. आणि ऐका, ॲव्हरेज खरोखर वाढतं! गॅरेजवाला त्याबाबतीत खोटं बोलत नव्हता. पीयूसीचं काय? पीयूसीला पेट्रोलच्या गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन बघतात, डिझेलचा काळा धूर बघतात. नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. म्हणजे फोक्सवॅगनने जे केलं तेच, इथे एका शटरच्या आत, एका संध्याकाळी. फरक एवढाच, की त्याला पकडायला कुठलं विद्यापीठ येणार नाही.

मी त्याला "असं करू नकोस" एवढंच म्हणून फोन ठेवला असता तर त्याने केलंच असतं, आणि मला त्याला दोष देता आला नसता. हप्ता त्याला भरायचा होता. म्हणून एका शनिवारी आम्ही गाडी घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलो. उभ्या गाडीत, त्यांचं यंत्र लावून, फिल्टर जाळून साफ करता येतो, ते करून घेतलं. ऑइल कुठलं घातलंय ते बघितलं. बाहेर स्वस्त मिळालं म्हणून साधं ऑइल घातलेलं होतं. या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं, कारण काजळी जळते, राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये कायमची बसते. हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, इंग्रजीत, बारीक अक्षरांत. मॅन्युअल मराठीत का नसतं हा आणखी एका भाषणाचा विषय आहे. आता तो आठवड्यातून दोनदा पहाटेची पनवेलकडची एक फेरी घेतो, भाडं थोडं कमी मिळालं तरी. साफसफाई चालू आहे असं वाटलं तर इंजिन बंद करत नाही. गेल्या पाच महिन्यांत दिवा एकदाच लागला. फिल्टरमध्ये राख किती बसली होती त्यावर पुढचं अवलंबून आहे, तो बदलावा लागला तर त्याची महिन्याभराची कमाई जाईल, हे मी त्याला सांगितलंय. पुढची गाडी सीएनजी घे असंही सांगितलंय. असल्या तुकड्या-तुकड्यांच्या फेऱ्यांना डिझेल नकोच.

जेवणानंतर मी बाहेर पार्किंगमध्ये थांबणार आहे. माझ्याजवळ एक छोटा रीडर आहे. तो स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावला की ईसीयू काय बघतोय ते मोबाइलवर दिसतं: ऑक्सिजन सेन्सरचा आकडा, पेट्रोल किती कमी-जास्त करावं लागतंय, आणि काही डिझेल गाड्यांत फिल्टर किती भरलाय तेही. ज्यांना स्वतःच्या गाडीचं बघायचंय त्यांनी चावी घेऊन या. गाडी कुठली, किती ॲव्हरेज देते, हे आधीच कागदावर लिहून आणा, म्हणजे रांग लवकर सरकेल. सर, तुमची गाडी पहिली.